एका वेळी एकच हप्ता

‘‘गाडी घेशील का?’’

खोतकाकूंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या दंडाला रबरी पट्टा आवळत होते आणि माझी नजर शिरेवर होती. चहा घेशील का, असंच मला ऐकू आलं.

‘‘नको काकू, अजून चार घरं व्हायची आहेत,’’ असं म्हणत मी सुई आत घातली.

‘‘अगं, ती चार घरं फिरायलाच म्हणते मी. डॉक्टरांची गाडी. शेडमध्ये उभी आहे बघ, दोन वर्षं झाली.’’

मी ट्यूब भरून घेतली, पट्टा सोडला, कापूस दाबून धरला आणि मग त्यांच्याकडे पाहिलं. काकू थट्टा करत नव्हत्या. थट्टा करायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

तेव्हा मी जयसिंगपूरच्या एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. पहाटे निघायचं, नांदणी, धरणगुत्ती, शिरढोण करत कुरुंदवाडपर्यंत जायचं आणि ऊन चढायच्या आत बर्फाचा डबा लॅबमध्ये पोचवायचा. म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेली माणसं, नुकत्याच बाळंत झालेल्या पोरी. लॅबपर्यंत येऊ न शकणाऱ्या सगळ्यांकडे मी जायची. इतकी वर्षं हे सगळं स्कूटरवर चाललं होतं. त्या हंगामात मात्र नांदणीच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी केलेल्या चिखलात माझी स्कूटर घसरली. मी एका बाजूला, डबा दुसऱ्या बाजूला, आणि सगळ्या नमुन्यांचा रस्त्यावर सडा. दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून मी धरणगुत्तीच्या एका आजींकडे परत गेले. ‘‘पुन्हा टोचावं लागेल आजी,’’ असं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. कालचा हात काळानिळा झाला होता, म्हणून त्यांनी मुकाट्यानं दुसरा पुढे केला. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर माझी कंबर धरली ती धरलीच. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दुचाकी बंद. म्हणजे एकतर हे काम बंद करायचं, नाहीतर चारचाकी घ्यायची. आणि काम बंद करून चालणार नव्हतं. माझे यजमान भरतेश सूतगिरणीत फिटर होते, आणि गिरणीचा पगार वर्षातून दोन-तीनदा लांबायचा. त्या दिवसांत घर माझ्याच डब्यावर चालायचं.

जुनी का होईना, गाडी घ्यायची एवढं आमचं ठरलं. पैसा कुठून आणायचा, हे ठरेना. तोवर मी एसटीनं, रिक्षानं कशीबशी फेरी पूर्ण करत होते.

आधी बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी आमचं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘गाडी जुनी, आणि तुमचं उत्पन्न रोखीचं. एका बाजूनं बसवलं तर दुसऱ्या बाजूनं सुटतं.’’ मग पतसंस्था. तिथं दोन जामीन हवे होते. भरतेशनी रात्री जेवताना आपल्या थोरल्या भावाजवळ विषय काढला. भावजी आमटी भुरकत राहिले आणि ताट संपल्यावर म्हणाले, ‘‘यंदा ऊस कसा आहे रे तुमच्या बाजूला?’’ आम्हाला उत्तर मिळालं. भिशी होती, पण माझी चिठ्ठी कधी निघेल ते देवालाच ठाऊक. राहिलं सोनं. आईनं घातलेल्या पाटल्या आणि लग्नातलं गंठण गहाण ठेवलं की तासाभरात पैसे हातात पडणार होते. भरतेश त्याच मताचे होते.

‘‘व्याज कमी, जामिनाची कटकट नाही. सोनं काय, घरात कपाटात असतं ते तिथल्या कपाटात राहील,’’ ते म्हणाले.

‘‘आणि गिरणी पुन्हा चार महिने थांबली तर? सोडवणार कशानं?’’



सांगलीच्या कारबाजारात मात्र आमचं जोरदार स्वागत झालं. गार सरबत आलं. टाय लावलेला एक जण म्हणाला, ‘‘फक्त अकरा टक्के, मॅडम. आजच्या आज गाडी घेऊन जा.’’ भरतेश खूश झाले. मी त्याच्याकडून कागद मागून घेतला आणि तिथंच बाकावर बसून हिशेब मांडला. पहिल्या महिन्यात दीड लाखावर व्याज, ते बरोबर. पण शेवटच्या महिन्यात, पाच हजार फेडायचे राहिलेले असतानाही, व्याज दीड लाखावरच! जे पैसे मी परत केले त्यांचंही भाडं मी भरत राहायचं.

‘‘हे अकरा नाही हो, हे विसाच्या घरात जातंय,’’ मी म्हटलं.

‘‘सगळे असंच घेतात मॅडम,’’ तो म्हणाला.

सरबत पिऊन आम्ही उठलो. आणि त्याच आठवड्यात खोतकाकूंनी गाडीचं विचारलं.

काकूंचे यजमान कुरुंदवाडात होमिओपॅथीचे डॉक्टर होते. साबुदाण्यासारख्या गोळ्या देणारे, अर्ध्या गावाकडून पैसे न घेणारे. ते गेल्यावर काकू त्या घरात एकट्या राहायच्या. एकुलता एक मुलगा राजवर्धन पुण्यात काहीतरी व्यवसायात होता. त्याच्याबद्दल काकू एवढंच सांगायच्या, ‘‘राजूचं चाललंय.’’

रविवारी आम्ही ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गाडी बघायला गेलो. राखाडी रंगाची अल्टो, अंगावर धुळीचा थर, आत डॉक्टरांची छत्री तशीच. मिस्त्रीनं बॅटरी जोडली, इंजिन चालू केलं, कान देऊन ऐकलं, खाली आडवा होऊन पाहिलं. ‘‘इंजिनाला हात लावायला नको. टायर तेवढे चारही बदला,’’ तो म्हणाला.

‘‘किंमत काय सांगता काकू?’’ भरतेशनी विचारलं.

‘‘कारबाजारवाला येऊन गेला. पावणेदोन लाख, रोख, एकदम, म्हणाला. तुम्ही एक साठ द्या.’’

भरतेशनी माझ्याकडे पाहिलं.

‘‘पण एकदम घेणार नाही मी,’’ काकू पुढे म्हणाल्या. ‘‘महिन्याला पाच हजार. आणि जेवढी रक्कम राहील तेवढ्यावर पोस्टात मिळतं ते व्याज. फुकट नाही देत मी काही.’’

‘‘थोडे पैसे आम्ही जमवलेत काकू,’’ मी म्हटलं. ‘‘तीस-पस्तीस हजार होतील. ते तरी आधी ठेवून घ्या.’’

‘‘नको. ते टायरला घाल. मला पहिला हप्ता आण, पाच हजारांचा.’’

‘‘आणि मध्येच भिशी लागली, तर दोन-चार हप्ते एकदम दिले तर चालतील ना?’’

‘‘नाही चालायचे.’’ काकू एवढ्या ठामपणे बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. ‘‘एका वेळी एकच हप्ता. जास्त आणलेस तर परत पाठवीन. आणि हातात द्यायचे, बँकेत भरायचे नाहीत.’’

परतताना एसटीत शिरोळ मागे पडल्यावर भरतेश म्हणाले, ‘‘एकरकमी जास्त मिळत असताना कमी पैसे आणि तेही हप्त्यानं कोण घेतं गं? काहीतरी आहे यात. फेडून होईपर्यंत गाडी त्यांच्याच नावावर. उद्या बाईंना काही झालं, नाहीतर मन फिरलं, तर?’’

‘‘मी पैसे बुडवले तर त्या काय करणार आहेत? पोलिसांत जाणार आहेत? त्यांनी माझ्यावर तीन वर्षांचा विश्वास टाकलाय, मग आपण का नाही टाकायचा?’’

‘‘विश्वास वेगळा, व्यवहार वेगळा.’’

‘‘मग व्यवहार कागदावर करू.’’

केला. भरतेशच्या ओळखीच्या वकिलांनी स्टँपपेपरवर करार लिहिला. त्रिशला भरतेश चौगुले हप्ते भरत आहेत तोवर गाडी दुसऱ्या कुणाला विकता येणार नाही, शेवटचा हप्ता दिला की नाव बदलून द्यायचं, वगैरे. काकूंनी आपलं कलम घालायलाच लावलं. वकील हसून म्हणाले, ‘‘एवढ्या वर्षांत लवकर फेडू नका म्हणणारा सावकार पहिल्यांदाच बघतोय!’’ काकू हसल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली.

गाडी चालवायला मी महिनाभर शिकले. पहिल्याच आठवड्यात धरणगुत्तीच्या चढावर बंद पाडली आणि मागं बैलगाडीवाला शांतपणे विडी ओढत थांबला, ते अजून आठवतं. पण जमलं. बर्फाचा डबा शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवायची. कंबर हळूहळू बरी होत गेली. आधी न झेपणारी आणखी दोन गावं घेतली, आणि गाडीनं पेट्रोल आणि हप्ता भागवून वर चार पैसे हातात ठेवायला सुरुवात केली.

दर महिन्याला काकूंची साखर तपासायची आणि त्याच फेरीत हप्ता द्यायचा, असं ठरून गेलं. काकू पैसे मोजायच्या आणि माझ्यासमोरच त्यांचे वाटे करायच्या. किराण्याचे एका डब्यात, दुधाचे दुसऱ्या, औषधांचे पाकिटात, विजेचे कॅलेंडरमागे. पाच मिनिटांत पाच हजारांचा मागमूस राहायचा नाही. ‘‘झालं, संपले,’’ म्हणायच्या आणि समाधानानं हात झटकायच्या. मला गंमत वाटायची.

असंच वर्ष गेलं, वर आणखी तीनेक महिने गेले. मग एका रविवारी सकाळी आमच्या दारात राजवर्धन उभा राहिला.

मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. उंच, हसरा, डॉक्टरांसारखंच सरळ नाक. हातात वाडीच्या कवठाच्या बर्फीचा पुडा. आल्या आल्या त्यानं भरतेशशी गिरणीबद्दल गप्पा मारल्या, गाडीची निगा बघून मला शाबासकी दिली. माणूस कुणालाही आवडेल असाच होता.

‘‘वहिनी, तुमचं किती राहिलंय?’’ चहा झाल्यावर त्यानं विचारलं.

‘‘लाखाला थोडे कमी.’’

‘‘सत्तर द्या आणि मोकळ्या व्हा.’’

भरतेशनी कप खाली ठेवला.

‘‘मी गंमत करत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘सत्तर हजार आत्ता द्या, पुढच्या रविवारी कागद करून टाकू. गाडी तुमच्या नावावर. महिन्याच्या महिन्याला खेपा घालणं नाही, व्याज नाही.’’

‘‘काकूंना विचारलंत?’’

‘‘आईला कशाला त्रास? वय झालंय तिचं. मी सांगीन तिथं सही करते ती.’’ हे तो प्रेमानंच म्हणाला. मग जरा पुढे झुकून म्हणाला, ‘‘पुण्यात आमची बेकरी आहे. जरा अडकलोय. एवढा महिना निघाला की झालं.’’

मी म्हटलं, विचार करून सांगते. तो गेल्यावर भरतेश उठून येरझाऱ्या घालायला लागले.

‘‘अठ्ठावीस हजार वाचतायत, त्रिशला. नाव आपल्यावर होतंय. पाटल्या ठेवल्या तर उद्या पैसे उभे राहतील. आणि पोटचा मुलगाच सांगतोय की.’’

सगळं खरं होतं. कागदावर मांडलं असतं तर यापेक्षा चांगला सौदा नव्हता. तरी मला त्या रात्री एकच गोष्ट खटकत राहिली. पैसे काकूंचे आणि सौदा आमच्या घरात.

सकाळी मी फेरी उलटी फिरवली आणि आधी कुरुंदवाड गाठलं. काकू तुळशीला पाणी घालत होत्या. मी सगळं सांगितलं. तांब्या कट्ट्यावर ठेवून त्या पायरीवरच बसल्या.

‘‘आला होता तर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला वाटलंच.’’

‘‘तुमची काय इच्छा आहे काकू? तुम्ही म्हणाल तसं करते.’’



‘‘हे गेले तेव्हा बँकेत बऱ्यापैकी पैसे होते. राजूनं कोंबड्यांचं काढलं, त्यात गेले. मग दवाखान्याची जागा विकली. ते पैसे माझ्या खात्यात चार दिवस होते. चारच दिवस. त्यातून ती बेकरी आली. तो लुबाडत नाही गं मला. खरंच नाही. परत देणारच असतो. प्रत्येक वेळी मनापासून देणार असतो.’’

‘‘मग तुम्ही नाही म्हणायचं.’’

‘‘तेच तर येत नाही मला.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘एकदाही आलं नाही. पाळण्यात होता तेव्हापासून नाही. समोर उभा राहिला, आई म्हणाला, की माझा हात आपोआप कनवटीला जातो. म्हणून मी ठरवलं, हातात एकदम पैसा येऊच द्यायचा नाही. गठ्ठा आला की त्याला दिसतो. महिन्याचे पाच हजार कुणाला दिसत नाहीत. ते दुधात जातात, गोळ्यांत जातात. ते मागायला तो पुण्याहून येत नाही.’’

त्या पैशांचे वाटे, ते हात झटकणं, ते कलम! वर्षभर मी जे गमतीनं बघत होते ते असं होतं तर.

‘‘आणि मीच का काकू? कारबाजारवाल्यानं हप्त्यानं दिले असते की.’’

‘‘तू पहिल्यांदा रक्त घ्यायला आलीस ते आठवतं? उपाशीपोटी आहे म्हणून सांगितलं मी तुला. शिरा खाऊन बसले होते. ओठाला तूप होतं म्हणे माझ्या. तुझ्या आधी लॅबचा पोरगा यायचा, तो असता तर घेऊन गेला असता रक्त. मी किती गयावया केली, आजच घे म्हणून. तू पेटी बंद केलीस आणि उद्या येते म्हणालीस. दुसऱ्या दिवशी सहा वाजता दारात हजर.’’ काकू उठल्या, तांब्या उचलला. ‘‘माझ्यासमोर उभं राहून मला नाही म्हणणारं माणूस मी फार दिवसांनी बघितलं होतं.’’

त्याच संध्याकाळी मी राजवर्धनला फोन केला आणि एकरकमी देणार नाही म्हणून सांगितलं. तो रागावला नाही. ‘‘हरकत नाही वहिनी. मग मी गाडीला दुसरं गिऱ्हाईक बघतो. तुमचे भरलेले पैसे सवडीनं परत करीन,’’ म्हणाला. ही सवड कसली असणार ते मला आता ठाऊक होतं.

रविवारी तो आणि सांगलीचा एक गृहस्थ कुरुंदवाडात येणार असल्याचा काकूंचा निरोप आला. निरोपात पुढे काहीच नव्हतं. ये म्हणून नाही, येऊ नकोस म्हणूनही नाही. मी निघाले, तेव्हा भरतेशही चपला घालून तयार होते. गाडी त्यांनीच चालवली.

घरात गव्हाच्या खिरीचा वास भरला होता. मुलगा येणार म्हणून काकूंनी पहाटे उठून खीर केली होती. आम्ही दारात गाडी उभी केली, तसा तो सांगलीचा गृहस्थ तिच्याभोवती फिरायला लागला, टायर दाबून बघायला लागला. आत राजवर्धननं टेबलावर छापील अर्ज पसरले होते.

‘‘आई, इथं आणि इथं.’’

काकूंनी चष्मा लावला. पेन हातात घेतलं. त्यांचा हात खरोखरच कागदाकडे निघाला होता.

‘‘काकू, थांबा,’’ मी म्हटलं. ‘‘दादा, ही गाडी विकता येणार नाही.’’

‘‘आईच्या नावावर आहे ती.’’

‘‘आहे. पण करार झालेला आहे. मी हप्ता चुकवत नाही तोवर ती दुसऱ्याला देता येत नाही. आणि मी एकही चुकवलेला नाही.’’

‘‘मग तुम्हीच सत्तर द्या की! मी दुसरं काय म्हणतोय?’’

‘‘तेही करारात बसत नाही. एका वेळी एकच हप्ता, असं लिहिलंय.’’

‘‘असला कसला करार?’’ त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. ‘‘कुणी घातली ही अट?’’

काकूंनी मान खाली घातली होती आणि पेन मुठीत घट्ट धरलं होतं. त्यांचं नाव घेतलं असतं तर मी सुटले असते.

‘‘मी घातली,’’ मी म्हटलं. ‘‘मला एकदम झेपत नाही.’’

तो अगदी हळू म्हणाला, ‘‘वहिनी, लोक मागे लागलेत हो माझ्या.’’

त्यात खोटं काही नव्हतं. त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि सारखं हसण्यानं ते त्या दिवशी आमच्या घरात झाकलं गेलं होतं. मला त्याची दया आली. पण दयेनं त्याला सत्तर हजार दिले असते, तर पुढच्या महिन्यात काकूंच्या दुधाचं काय, हा प्रश्न उरलाच असता.

‘‘नाही दादा,’’ मी म्हटलं.

तेवढ्यात भरतेश बाहेर गेले आणि त्या गृहस्थांना म्हणालेले मला ऐकू आले, ‘‘पाहुणे, या गाडीचा व्यवहार आधीच झालाय. उगाच तुम्हाला हेलपाटा पडला. बसा, स्टँडवर सोडतो.’’ आणि त्याच गाडीतून ते त्यांना सोडून आले.

राजवर्धननं अर्ज गोळा केले, बॅग उचलली. ‘‘जेवून जा रे,’’ काकू म्हणाल्या. तो थांबला नाही. फाटकाची कडी वाजली, तरी काकू हातात पेन घेऊन तशाच बसून होत्या.

मला वाटलं होतं, काकू माझे आभार मानतील. निदान पाठीवरून हात फिरवतील. झालं उलटंच. पुढच्या महिन्यात त्यांनी हप्ता घेतला, रक्त दिलं आणि दार लावून घेतलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. मग एकदा न राहवून मी विचारलं, ‘‘काकू, माझं काही चुकलं का?’’

‘‘त्याचा फोन नाही त्या दिवसापासून,’’ त्या म्हणाल्या. ‘‘जेवला पण नाही.’’

‘‘पण काकू, तुम्हीच...’’

‘‘मीच. माहीत आहे मला. तरी तुझं तोंड बघितलं की तो उपाशी गेलेला आठवतो. रक्त घ्यायला दुसऱ्या कुणाला पाठवलंस तर बरं.’’

गाडीत येऊन बसले तेव्हा मला रडू आलं. भरतेश म्हणाले, ‘‘जाऊ नकोस, बँकेत भर पैसे.’’ पण दुसरं पाठवायला कुणी नव्हतं, आणि हातात द्यायचे असं कबूल केलेलं होतं. मी जात राहिले. काकू बोलायच्या नाहीत, मीही बोलायची नाही. नोटांचे वाटे मात्र व्हायचे. पुढे बेकरी बंद पडल्याचं कानावर आलं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी काकूंनी एकदा मला ताक दिलं. न विचारता, पेला समोर ठेवून. तेवढ्यावर आमचं पुन्हा सुरू झालं.

शेवटचा हप्ता दिला त्या आठवड्यात गाडी माझ्या नावावर झाली. भरतेशनी पेढे वाटले. मी काकूंना पेढा द्यायला गेले, तेव्हा त्यांच्या ओट्यावरच्या डब्यांकडे माझी नजर गेली. आता पुढच्या महिन्यापासून त्यांत काय पडणार, ते विचारायचा धीर झाला नाही. ‘‘जपून चालव,’’ एवढंच काकू म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी मी लॅबमध्ये ट्यूब मांडत असताना राजवर्धन आला. बारीक झाला होता. केसांत पांढरं दिसत होतं. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फौंड्रीत स्टोअर सांभाळतोय, म्हणाला. आईकडे आता अधूनमधून जाऊन येतो, म्हणाला.

‘‘एक काम होतं वहिनी. आईला महिन्याला पैसे द्यायचेत. मी दिले की ती घेते. आणि मी निघताना माझ्याच बॅगेत परत घालते. दोनदा झालं असं. कोल्हापुरात जाऊन तिनं दिलेला डबा उघडावा तर चटणीच्या पुडीखाली नोटा.’’ त्यानं खिशातून पाकीट काढलं. ‘‘तुमच्या हातून घ्यायची तिला सवय आहे.’’

मी पाकीट हातात घेतलं.

‘‘ती अट तुमची नव्हती ना?’’ त्यानं विचारलं.

मी ट्यूब मांडत राहिले. त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. निघताना दारात थांबून म्हणाला, ‘‘त्या दिवशी घरी खीर होती. वास आला होता मला.’’

पुढच्या फेरीला मी काकूंचं रक्त घेतलं आणि पाकीट समोर ठेवलं.

‘‘हे काय?’’

‘‘हप्ता.’’

‘‘गाडी झाली की तुझ्या नावावर.’’

‘‘झाली.’’

काकूंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. नोटा काढल्या, एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘जेवतो का वेळेवर?’’

‘‘मेस लावलीय म्हणाला. बरी आहे म्हणे.’’

त्यांनी वाटे करायला घेतले. किराणा, औषधं, वीज. शेवटी हातात पाचशेची एक नोट उरली. ती थोडा वेळ बोटांत फिरवून त्यांनी माझ्यापुढे धरली.

‘‘एवढी त्याला दे. मी दिली म्हणून सांगू नकोस.’’

‘‘नाही काकू.’’

त्यांनी हात तसाच पुढे धरला. मीही पेटीवरचे हात काढले नाहीत. मग त्यांनी ती नोट घडी घालून दुधाच्या डब्यात टाकली आणि झाकण दाबून बसवलं.

‘‘कठीण आहेस गं बाई तू,’’ त्या म्हणाल्या, आणि हसल्या.